आवळीभोजन

कार्तिकातली नवमी यंदा रविवारी आली,
पंचांगाने तेवढे उपकार केले.
सकाळी साडेसहा, वूस्टरमध्ये अजून काळोख,
शलाका पोळ्या लाटतेय, खिडकीवर वाफ,
वाफेवर केतकीने बोटाने झाड काढलंय,
आणि मी म्हणतोय, नोव्हेंबर आहे गं,
इथे कुत्रीसुद्धा कोट घालून हिंडतात.

मग आपणही घालू, ती म्हणाली.

आवळा कुठला इथे.
मंचरहून आईने फोनवर तोडगा सांगितला:
मोरावळ्याची बरणी ठेवा कुठल्याही आंबट झाडाखाली,
झाडं ओळखतात एकमेकांना.
मी देव फारसा मानत नाही.
डबे उचलतो.

माल्व्हर्नच्या पायथ्याशी पार्किंगच्या यंत्राने
नाणी गिळली, चिठ्ठी दिली नाही.
चढावर एक रानसफरचंद सापडलं.
पानं गळून गेलेली, फळं तेवढी राहिलेली,
पिवळी, सुपारीहून जराशी मोठी,
दिवाळी संपून गेली तरी
माळ उतरवायची राहून गेल्यासारखी.

शेजारी बाक. बाकावर पितळी पट्टी:
अर्नेस्ट हॅलिवेल. त्यांना इथून दिसणारं सगळं आवडायचं.
निहारने दोनदा वाचलं,
मग दिसणारं सगळं बघितलं:
धुकं. धुक्यात एक मेंढी.

शलाकाने बुंध्याला हळदकुंकू लावलं,
सूत गुंडाळत सात फेरे घातले चिखलात,
पायांत निहारचे फुटबॉलचे बूट.
मग तिला पाटी दिसली,
झाडांना काही बांधू नये.
तशी ती उलटी फिरली, सात वेळा,
सूत सोडवत, बोटांवर गुंडी करत.
केतकीच्या वर्गात सध्या ऋण संख्या चालू आहेत.
सात उणे सात, ती म्हणाली. मग पुण्य शून्य?
तुझ्या वहीत, शलाका म्हणाली.
झाडाच्या वहीत चौदा.

चटईवर पाच ताटल्या. आम्ही चौघं.
ज्याच्या अंगणात जेवायचं त्याला आधी वाढायचं,
म्हणून पहिली बाकावर, अर्नेस्टसाहेबांना,
तूप जरा हात सैल सोडून.
थर्मासमधली कटाची आमटी,
फराळातला उरलेला, मऊ पडलेला चिवडा,
श्लोक म्हणताना वाजणारे दात.
आमटीत पाऊस पडायला लागला.
कोणी उठलं नाही.

तेवढ्यात एक काळं लॅब्रेडोर, अंगात लाल जाकीट,
बाकावरची पोळी तुपासकट एका घासात.
मागून धापा टाकत त्याच्या बाई,
सॉरी, सॉरी, आणि मग वेगळ्या आवाजात सॉरी.
शलाकाला हसू आवरेना.
दत्तगुरूंपाशी चार असतात, हा पाचवा,
हे इंग्रजीत कसं सांगावं ते सुचेना,
तेव्हा तिने बाईंच्याही हातावर पोळी ठेवली.

कोणाचा वाढदिवस आहे का, बाईंनी विचारलं.
झाडाचा, निहार म्हणाला,
इतक्या सहज, की मलाही क्षणभर पटलं.
बाई जाताना वळल्या,
आम्ही बघत नाहीसं पाहून
झाडाला हळूच शुभेच्छा देऊन गेल्या.

लहानपणी मंचरला आवळा चावून
वर रांजणातलं पाणी प्यायचो, ते गोड लागायचं.
त्या गोडीला मी देव म्हणत नाही,
पण दुसरा शब्दही अजून सापडलेला नाही.
हे पोरांना सांगितलं आणि फसलो.
निहारने रानसफरचंद चावलं,
तोंड वाकडं केलं, बाटलीभर पाणी प्यायला.
नाही लागत गोड, बाबा.

रात्री भांडी झाली, मुलं झोपली,
कोटाच्या खिशात एक फळ निघालं.
केतकीने टाकलं असणार.
सिंकपाशी उभ्याने चावलं,
पेला नळाखाली धरला.

पाणी. नुसतं, गार.

काय करतोयस अंधारात, शलाकाने विचारलं.
काही नाही, म्हटलं,
आणि आणखी एक घोट घेऊन
थोडा वेळ तोंडातच धरून ठेवला.